पानाचा पत्ता कोण ठरवतो?

पारोळ्यात उभे राहून जळगावची वाट विचारलीत, तर उत्तर मिळेल, ‘सरळ पूर्वेकडे जा, एरंडोल ओलांडा, पुढे जळगाव.’ हेच उत्तर ध्यानात ठेवून चाळीसगावहून कोणी पूर्वेकडे निघाला, तर तो जळगावला पोहोचणार नाही. सूचना तीच, पण निघण्याची जागा बदलली! संगणकावरील पानांना जोडणारे दुवे बहुधा असेच असतात.

याचा अनुभव मी घेतला आहे. अकरावीच्या प्रयोगांची पुस्तिका मी संगणकावर तयार केली. प्रत्येक प्रयोगाचे पान वेगळे. त्यात शीर्षक कोणते, कृती कोणती, सूचना कोणती, हे खुणांनी दाखवलेले. पानांचा क्रम सांगणारी अनुक्रमणिका निराळ्या फाइलीत. याला संरचित लेखन म्हणतात. ‘डिटा’ ही त्याची एक पद्धत ‘ओएसिस’ या संस्थेने २००५ मध्ये प्रमाण म्हणून मान्य केली. अनुक्रमणिका वाचून एक प्रोग्राम सर्व पानांचे एचटीएमएलमध्ये रूपांतर करतो.

माझ्या ‘पुस्तिका’ या फोल्डरात ‘अकरावी’ आणि ‘सामायिक’ असे दोन फोल्डर होते. अनुक्रमणिका व प्रयोग ‘अकरावी’त, विजेबाबत घ्यावयाच्या काळजीचे पान ‘सामायिक’मध्ये, कारण ते बारावीलाही लागते. तयार झालेला फोल्डर पेन ड्राइव्हवर घालून मुलांना दिला. शिरपूरकडच्या एका विद्यार्थ्याने घरी तो उघडला. सगळे प्रयोग दिसले. नेमके काळजीचे पान उघडेना!

असे का झाले? अनुक्रमणिका ज्या फोल्डरात असते, त्यालाच प्रोग्राम सहसा मूळ धरतो आणि त्याखालची रचना तशीच उतरवतो. ‘सामायिक’ मुळाखाली नव्हता, शेजारी होता. प्रयोगातील दुवा होता ‘../सामायिक/वीज’. दोन टिंबे म्हणजे ‘एक पायरी वर चढा’. म्हणून ते पान तयार फोल्डरच्या बाहेर जाऊन पडले. माझ्या संगणकावर दुवा बिनचूक चालला. पेन ड्राइव्हवर मात्र आतला भागच गेला.

उपाय सोपे आहेत. अनुक्रमणिका ‘पुस्तिका’ या वरच्या फोल्डरात ठेवावी. किंवा सर्व पाने पोटात येतील इतके मूळ वर न्यावे, असे प्रोग्रामला सांगावे. सगळी पाने एकाच फोल्डरात ओतली तर? मग ‘प्रस्तावना’ नावाची दोन पाने एकमेकांवर येतील आणि एक पुसले जाईल.

फोल्डरांची नावेही विचारपूर्वक द्यावीत. १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार जिल्हा निघाला. शहाद्याचे पान ‘धुळे/शहादे’ या पत्त्यावर असते, तर त्या दिवशी पत्ता बदलावा लागला असता आणि जुने सारे दुवे तुटले असते. नुसते ‘शहादे’ मात्र टिकले असते. चांगला पत्ता बदलत नाही, असे वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी त्याच वर्षी, १९९८ मध्ये, लिहिले. म्हणून पत्ता अशा गोष्टीवरून ठरवावा, जी कमीत कमी बदलते.

आता तुम्ही करून पाहा. एका फोल्डरात दोन फोल्डर करा, प्रत्येकात एक पान ठेवा आणि टिंबांचा दुवा देऊन ती जोडा. मग बाहेरचा फोल्डर दुसरीकडे हलवा. दुवा चालतो ना? आता आतला एकच फोल्डर हलवा. काय होते, आणि का?