सीडी उतरवा एकदाच, पण पूर्ण

मराठी घरांतल्या कपाटांत अजून सीडी आहेत: शास्त्रीय गायनाच्या मैफली, नाट्यपदं, अभंग, भावगीतं, आणि मोजक्याच प्रतींत निघालेली कीर्तनं. त्या वाजवणारी यंत्रं मात्र घरातून आणि बाजारातून निघून चालली आहेत. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो, नव्या गाडीत सीडी घालायला जागा नसते. म्हणून अनेक जण सगळ्या सीडींची एमपीथ्री करून घेतात, पेनड्राइव्ह गाडीला लावतात आणि सीडी भंगारात देतात. यातली शेवटची पायरी घाईची आहे आणि पहिली चुकीची. आज हाताशी असलेल्या प्लेअरला काय चालतं ते पाहून सीडी उतरवू नये. आधी तिच्यावरचं सगळं काहीही न गाळता जसंच्या तसं उतरवावं आणि मग त्या मूळ प्रतीवरून गाडीसाठी, फोनसाठी, जुन्या डेकसाठी हव्या तितक्या नकला काढाव्यात.

‘जसंच्या तसं’ हे दिसतं तितकं सोपं नाही. विंडोजच्या संगणकात ऑडिओ सीडी घातली की ‘ट्रॅक०१.सीडीए’ अशा नावांच्या फाइली दिसतात. त्या पेनड्राइव्हवर ओढून घेतल्या की गाणी आली असं वाटतं, पण गाडीत काहीच वाजत नाही. कारण ती प्रत्येक फाइल अवघी ४४ बाइटांची असते. तिच्यात गाणं नसतं, ते तबकडीवर कुठे सुरू होतं आणि किती वेळ चालतं एवढाच पत्ता असतो. फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ठरवलेल्या मानकात गाण्याची फाइल नावाची गोष्टच नाही. दोन वाहिन्यांसाठी प्रत्येकी सेकंदाला ४४,१०० वेळा घेतलेली, १६ बिटांची आवाजाची मापं एका सलग सर्पिल रेषेत मांडलेली असतात. ७४ मिनिटांच्या सीडीवर ती सुमारे ७८० एमबी भरतात. चरा पडला तर दुरुस्तीची सोय मानकातच आहे, पण तीही अपुरी पडली की प्लेअर आजूबाजूच्या मापांवरून मधलं माप अंदाजाने भरतो. संगणकाच्या माहितीसाठीच्या सीडीवर २,३५२ बाइटांच्या प्रत्येक खंडात माहितीला २,०४८ बाइटच मिळतात आणि उरलेली बरीच जागा जादा दुरुस्तीसाठी राखलेली असते. ऑडिओ सीडीत ती जागाही आवाजच व्यापतो. ऐकताना प्लेअरचा अंदाज उपकारक ठरतो, पण प्रत काढताना तोच अंदाज कायमचा फाइलीत जाऊन बसतो आणि कोणतीही सूचना येत नाही. म्हणूनच विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी किंवा लिनक्सवर सीडीपॅरानोया यांसारखी साधनं वापरावीत. ती शंकास्पद जागा पुन्हा पुन्हा वाचतात. अ‍ॅक्युरेटरिप ही सोय आपल्या प्रतीचा पडताळा-अंक इतरांनी त्याच सीडीवरून काढलेल्या अंकाशी ताडून पाहते. थोड्या प्रतींत निघालेली मराठी सीडी तिथे नसण्याचीच शक्यता जास्त. अशा वेळी ती दोनदा उतरवावी, जमल्यास दोन वेगळ्या ड्राइव्हवर, आणि दोन्हींचे अंक जुळतात का ते पाहावं.

ही प्रत फ्लॅक या स्वरूपात ठेवावी. २००१ पासून ते सर्वांना मोफत उपलब्ध आहे. जागा साधारण अर्धी किंवा थोडी जास्त लागते आणि उलगडल्यावर एकूण एक बिट परत मिळतो. १२८ केबीपीएसची एमपीथ्री मूळ आवाजाच्या सुमारे एक-अकरांश असते, कारण कानाला जाणवणार नाही असं मानलेलं तिने टाकून दिलेलं असतं. तबल्याच्या खणखणीत ‘ना’सारख्या आघाताआधी एक पुसट खरखर उमटते, ती याच कमी दराच्या एमपीथ्रीत. ‘३२० केबीपीएसला फरक कोणाला कळतो?’ असं विचारलं जातं. बहुतेकांना कळत नाही, हे मान्य करायला हवं. पण मुद्दा आजच्या ऐकण्यापुरता नाही. उद्या वेगळं स्वरूप लागलं की एमपीथ्रीवरून रूपांतर करावं लागेल, तेव्हा पुन्हा काहीतरी गळेल आणि ही गळती साचत जाते. एमपीथ्रीवरून ऑडिओ सीडी बनवून ती पुढे फ्लॅकमध्ये उतरवली, तर फाइल फुगते, पण गेलेला आवाज परत येत नाही.

आपल्या संगीताला आणखी एक धोका आहे. मैफलीच्या सीडीत विलंबित ख्याल आणि द्रुत बंदिश अनेकदा वेगवेगळे ट्रॅक असतात, पण दोहोंमध्ये गाणं थांबलेलं नसतं. जुन्या डेकसाठी सीडी लिहिताना ‘ट्रॅक अ‍ॅट वन्स’ निवडलं तर तिथे दोन सेकंदांची शांतता घुसते आणि ऐन समेच्या तोंडावर रसभंग होतो. ‘डिस्क अ‍ॅट वन्स’ निवडलं की प्रवाह सलग राहतो. अशा डेकसाठी सीडी-आर घ्यावी. पुन्हा लिहिता येणारी सीडी-आरडब्ल्यू प्रकाश कमी परावर्तित करते, त्यामुळे बरेच जुने प्लेअर ती वाचतच नाहीत.

‘सगळं तर इंटरनेटवर ऐकायला मिळतं’ हा आक्षेप लोकप्रिय गाण्यांपुरता बरोबर आहे. छोट्या संस्थेने काढलेली मैफल तिथे असेलच असं नाही, आणि आज असलेली हक्कांचा करार संपला की दिसेनाशी होते. कायद्याचा प्रश्न विचारणं रास्तच आहे. भारताच्या कॉपीराइट कायद्याचं ५२ (१) (क) हे कलम खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या न्याय्य वापराला मुभा देतं आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्यात संगणक प्रणाली वगळता सर्व कृती येतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे स्वतःच्या सीडीची स्वतःसाठी प्रत हा एक विषय, आणि तीच प्रत सगळ्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकणं हा वेगळा.

बहुतेक सीडींवर गाण्यांची नावं मुद्रित आवाजाबरोबर नसतातच. ती इंटरनेटवरच्या सूचीतून येतात आणि मराठी नावांची तिथे हमखास मोडतोड झालेली असते. मूळ प्रतीत राग, ताल, तबला आणि हार्मोनियमची साथ कोणाची, मैफल कुठली आणि कोणत्या वर्षाची, हे पुस्तिकेवरून देवनागरीत भरावं. जुना गाडीतला प्लेअर देवनागरीऐवजी चौकोन दाखवत असेल तर रोमन नावं फक्त त्या नकलेला द्यावीत. पुस्तिकेची पानं स्कॅन करून त्याच फोल्डरमध्ये ठेवावीत आणि हे सगळं दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर, शक्यतो दोन घरांत असावं. सीडीही टाकू नये. मात्र तिच्यावर बॉलपेनने लिहू नये की कागदी लेबल चिकटवू नये, कारण चमकणारा थर छापील बाजूला लाखेच्या पातळ लेपाखालीच असतो आणि तिथला ओरखडा खालच्या चऱ्यासारखा घासून काढता येत नाही.