लांबच्या पल्ल्याची फटफटी

मंडळी, गगनबावड्यावरून कोकणात उतरायचं किंवा आंबा घाटाने रत्नागिरी गाठायची, असा बेत तुमच्यापैकी पुष्कळांनी केला असेल. मोटारसायकल घेताना मात्र पहिला प्रश्न ठरलेला : "ॲव्हरेज किती देते?" प्रश्न रास्त आहे, पण अपुरा. लांबच्या प्रवासात पाहायचा तो पल्ला, म्हणजे एकदा टाकी भरली की गाडी बिनघोर किती किलोमीटर जाईल तो आकडा.

तो दुकानदाराच्या कागदावरून घेऊ नका. टाकी एका खुणेपर्यंत भरा, नेहमीच्या ओझ्यानिशी दीडदोनशे किलोमीटर चालवा, पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. झालेल्या किलोमीटरांना दुसऱ्या खेपेच्या लिटरांनी भागा. गुरुजींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. समजा, टाकी १३ लिटरची आणि लिटरला ३५ किलोमीटर पडले. गुणाकार ४५५ येतो, पण तो फसवा आहे. मागे माणूस, सामान, घाटाची चढण आणि समोरचा वारा धरून ३०च मोजा, आणि ३ लिटरना हात लावायचा नाही असे ठरवा. उरला पल्ला ३०० चा.

हे ३ लिटर कशाला? परतीसाठी! ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली. घाटात दरड कोसळली तरी तीच गत. भर पावसात, रात्री, मागे घरचं माणूस बसलेलं असताना निदान मागच्या पंपापर्यंत तरी परतता आलं पाहिजे. बाटलीतून पेट्रोल नेणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

आणखी एक. पेट्रोलात आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या उसाचेच म्हणा ना! त्याची उष्णता पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांश, म्हणून पल्ला थोडा घटतो. जुन्या हिशेबावर विसंबू नका.

मोठी टाकी म्हणजे मोठा पल्ला, हाही समज खरा नाही. शंभर सी.सी.ची हलकी गाडी १० लिटरांत, लिटरला ५५ धरले तरी, साडेपाचशे जाते. साडेतीनशेची धिप्पाड गाडी १३ लिटरांत तेवढी जात नाही. पण दोघे आणि सामान घेऊन करूळ घाट चढताना हलकीला धाप लागते. एकट्याने जाणाऱ्याला ती पुरे. जोडीने जाणाऱ्याने दीडशेच्या खाली उतरू नये, असे माझे मत. आणि जिची क्लचवायर वाटेवरच्या तालुक्याच्या गावी मिळते, तीच गाडी घ्यावी.

इंजेक्शनच्या नव्या गाडीची टाकी कोरडी पडू देऊ नका. आतला पंप पेट्रोलानेच थंड राहतो. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारे महाभागही आहेत. सारा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. खालचा गिअर टाकून उतरा. बहुतेक इंजेक्शनच्या गाड्यांना तेव्हा पेट्रोल जवळजवळ लागतच नाही.