बाईंना बँकॉकला पाठवा!

"बाई, तुम्ही फॉरेनला का नाही जात इंग्रजी शिकवायला?"

मुलांनो, हा प्रश्न मला चौथीच्या वर्गात विचारला गेला, तोही ऐन इंग्रजीच्या तासाला. विचारणाऱ्याची गृहपाठाची वही त्या दिवशी घरी राहिली होती. तेव्हा बाई परदेशी गेल्या तर बरंच, असं त्याला वाटलं असणार! वर्ग हसला, मीही हसले. पण तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. कारण घरी माझी मावसबहीण नेमकी त्याच खटपटीत होती.

ती इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. थायलंडमध्ये इंग्रजी शिक्षक हवेत, पगार भरपूर, अनुभवाची गरज नाही, अशी एक जाहिरात तिनं वाचली आणि एका एजंटाकडे गेली. त्यानं दोन लाख रुपये मागितले. मावशीनं पाटल्या मोडायची तयारी केली. माझ्याकडे ती आली ती फक्त अर्ज तपासून घ्यायला. "ताई, स्पेलिंगं बघ गं जरा!"

स्पेलिंगं बरोबर होती. चूक दुसरीकडेच होती. एजंट तिला पर्यटक व्हिसावर पाठवणार होता. नोकरीचा व्हिसा तिथं गेल्यावर आपोआप होतो म्हणे!

आता व्हिसा म्हणजे काय? पासपोर्ट सांगतो तुम्ही कोण, कुठल्या देशाचे. व्हिसा सांगतो की दुसऱ्या देशानं तुम्हाला आत यायला परवानगी दिली आहे, आणि कशासाठी दिली आहे. फिरायला म्हणून आत गेलात तर फिरायचं. फळ्यासमोर उभं राहून पगार घ्यायचा नाही. थायलंडमध्ये शिकवायचं तर नोकरीचा वेगळा व्हिसा लागतो, शिवाय कामाचा परवाना लागतो. तो नसताना शिकवताना सापडलं तर दंड होतो आणि परत पाठवतात. आपोआप काही होत नाही.

मग आम्ही दोघींनी रविवार धरून माहिती काढायला सुरुवात केली. काय काय निघालं म्हणून सांगू!

पहिला धक्का दक्षिण कोरियाचा. तिथं इंग्रजी शिकवण्याचा व्हिसा मुख्यतः 7 देशांच्या नागरिकांना मिळतो : अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका. तुमचं इंग्रजी किती छान, हा प्रश्न नंतरचा. आधी पासपोर्ट कुठला ते बघतात. मावसबहीण म्हणाली, "म्हणजे मी पेपरात पैकीच्या पैकी मिळवले तरी नापासच?" मला याचं उत्तर देता आलं नाही. मला हा नियम पटत नाही, हे इथं लिहूनच टाकते. मात्र भारत आणि कोरिया यांच्यातला व्यापार करार 2010 मध्ये लागू झाला, त्यात आपल्यासाठी एक खिडकी उघडली आहे. इंग्रजी विषय शिकवण्याचं शिक्षकाचं प्रमाणपत्र ज्यांच्याकडे आहे, असे भारतीय तिथल्या सरकारी शाळांत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून अर्ज करू शकतात. नुसती बी.ए. असून भागत नाही. म्हणजे बी.एड. आलंच!

थायलंडमध्ये सातच देशांची अट नाही. भारतातले आणि फिलिपिन्समधले पुष्कळ शिक्षक तिथं शिकवतात. पण पदवी लागते, तिथल्या शिक्षक परिषदेचा परवाना किंवा तात्पुरती सूट लागते, आणि आपल्यासारख्यांकडून बहुधा इंग्रजीच्या परीक्षेचे गुणही मागतात. (माझं डी.एड. बारावीनंतरचं. पदवीचा अभ्यास अर्ध्यावर राहिलाय. म्हणजे चौथीच्या वर्गानं ठरवलं तरी बाई काही बँकॉकला पोचत नाहीत!) जवळचा देश म्हणाल तर मालदीव. तिथल्या बेटांवरच्या शाळांत पुष्कळ भारतीय शिक्षक आहेत, आणि बहुतेक विषय इंग्रजीतूनच शिकवले जातात.

ही काही आजची गोष्ट नाही बरं का. आफ्रिकेतल्या इथिओपियात सम्राट हैले सेलासी यांच्या काळात भारतातून कितीतरी शिक्षक गेले होते. 1974 मध्ये सम्राटांचं राज्य गेलं, तोवर गावोगावच्या शाळांत भारतीय शिक्षक इंग्रजी, गणित, विज्ञान शिकवत होते. त्यांना कुणी विचारलं नाही की तुमच्या घरी इंग्रजी बोलतात का!

आणि खरं सांगू का, घरी इंग्रजी नसणं हा आपला एक फायदाही आहे. मी स्वतः इंग्रजी पाचवीपासून शिकले. पहिलीपासून इंग्रजी 2000 साली सुरू झालं, तोवर आमचा वर्ग पुढे गेला होता. वाक्यात 'द' कुठं घालायचा नि कुठं नाही, यावरून मी भरपूर बोलणी खाल्ली आहेत. मराठीत 'अ', 'अ‍ॅन', 'द' असलं काही नसतंच ना! गंमत म्हणजे जपानी, कोरियन आणि थाई भाषांतही ते नसतं. तिथली मुलं तुमच्यासारखीच 'द' विसरतात. जपानी मुलांना 'र' आणि 'ल' यांत गोंधळ होतो. थाई मुलं शब्दाच्या शेवटचा 'स' गिळतात, 'हाउस'चं 'हाउ' करतात. आपण 'वेस्ट' आणि 'व्हेस्ट' एकच करतो, तसंच हे. जो स्वतः अडखळला आहे, त्याला दुसऱ्याचा पाय नेमका कुठं अडतो ते चटकन दिसतं.

पण शिकवायचं कसं, ते शिकावं लागतंच. केंब्रिज विद्यापीठाचा 'सेल्टा' नावाचा एक अभ्यासक्रम जगभर मानला जातो. तो किमान 120 तासांचा असतो, आणि त्यात 6 तास खऱ्याखुऱ्या विद्यार्थ्यांसमोर उभं राहून शिकवावं लागतं. मागे परीक्षक बसलेला! आमच्या डी.एड.चे सराव पाठ आठवले. पाठाचं टाचण तयार, खडू तयार, आणि तोंडातून शब्द फुटेना. घरबसल्या चार दिवसांत मिळणाऱ्या चकचकीत प्रमाणपत्रांत हे उभं राहणं नसतं.

पालकांसाठीही दोन गोष्टी लिहिते. परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटाला 1983 च्या कायद्याप्रमाणे भारत सरकारचा परवाना लागतो. तो आहे की नाही, हे सरकारच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर बघता येतं. नियमांनी त्याच्या शुल्कालाही 30,000 रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा घातली आहे. कुठं दोन लाख आणि कुठं तीस हजार! आणि फसवणूक फक्त पैशांचीच होते असं नाही. थायलंडमध्ये संगणकावरची चांगली नोकरी आहे असं सांगून काही भारतीय तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबलं गेलं होतं. 2022 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला त्याबद्दल जाहीर इशारा द्यावा लागला.

मी मावसबहिणीबरोबर त्या एजंटाकडे गेले. परवाना क्रमांक विचारला. त्यानं आधी चहा मागवला, मग साहेब बाहेरगावी आहेत म्हणाला, मग आमच्यावरच चिडला. शाळेचं नाव विचारलं, तर ते "तिथं पोचल्यावर कळेल." मी वर्गात वापरते त्या आवाजात म्हटलं, "अहो, मुलगी कुठं चालली आहे ते तिच्या आईला आज कळायला हवं." आम्ही चहा न घेताच उठलो.

येताना ती एस.टी.त खिडकीकडे तोंड करून बसली होती. बराच वेळ बोललीच नाही. माझाही जीव खालीवर होत होता. तिचं स्वप्न मीच मोडलं की काय! स्टँडवर उतरल्यावर म्हणाली, "ताई, बी.एड.ची सीईटी कधी असते गं?"

आता ती बी.एड.च्या पहिल्या वर्षाला आहे. पाटल्या मावशीच्या हातात आहेत. मागच्या शनिवारी ती सराव म्हणून माझ्या चौथीला एक तास इंग्रजी शिकवून गेली. तास संपल्यावर तोच गृहपाठवाला हात वर करून उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, या ताईंना नका पाठवू हं फॉरेनला!"