परिचारिका साहाय्यकाचे प्रशिक्षण : शुल्क भरण्यापूर्वी नोंदणी तपासावी

रायपूरचा सदर बाजार सराफी पेढ्यांसाठी ओळखला जातो. लगतच्या जुन्या वस्तीत, विशेषतः तात्यापारा भागात, मराठी कुटुंबे अनेक पिढ्यांपासून राहतात. या घरांतील एखादी मुलगी बारावीनंतर रुग्णसेवेकडे वळू पाहते तेव्हा तिच्यापुढे पहिला पेच उभा राहतो तो अभ्यासक्रमांच्या नावांचा.

‘नर्सिंग असिस्टंट’ या नावाखाली वेगवेगळ्या दर्जाचे अभ्यासक्रम चालतात. त्यांपैकी ‘जनरल ड्युटी असिस्टंट’ हे काही महिन्यांचे कौशल्य प्रशिक्षण आहे. रुग्णाला अंघोळ घालणे, कूस बदलून देणे, भरवणे, चाकाच्या खुर्चीतून नेणे ही कामे त्यात शिकवली जातात. काम प्रतिष्ठेचे व गरजेचे आहे. परंतु त्या प्रमाणपत्रावर परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही.

सहाय्यकारी परिचारिका प्रसाविका, म्हणजेच एएनएम, हा याहून निराळा अभ्यासक्रम आहे. तो दोन वर्षांचा असून त्यात सहा महिन्यांच्या आंतरवासितेचा समावेश आहे. भारतीय परिचर्या परिषदेने त्यासाठी बारावी उत्तीर्ण असण्याची अट घातली असून वयोमर्यादा १७ ते ३५ वर्षे आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनींनाही हा मार्ग खुला आहे, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते. उत्तीर्ण झाल्यावर राज्याच्या परिचारिका नोंदणी परिषदेकडे नाव नोंदवता येते आणि शासकीय आरोग्य सेवेतील एएनएम पदासाठी हीच नोंदणी लागते.

म्हणून शुल्क भरण्यापूर्वी संस्थाचालकांना एकच प्रश्न विचारावा : या प्रमाणपत्रावर कोणत्या परिषदेकडे, कोणत्या पदनामाने नोंदणी होईल? उत्तर लेखी मागावे आणि मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीशी पडताळून पाहावे. वर्षभरात ‘नर्स’ बनवण्याची हमी देणाऱ्या जाहिरातीवर विसंबणाऱ्या कुटुंबाचे पैसे जातातच. मुलीची वर्षेही जातात, आणि ती परत मिळत नाहीत.

प्रवेश मिळाल्यानंतरची कसोटी पुस्तकापेक्षा वॉर्डात अधिक लागते. लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेत स्वतंत्रपणे किमान ५० टक्के गुण आवश्यक असतात. प्रात्यक्षिकांचे तासही पूर्ण भरावे लागतात. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी व नंतर हात धुणे, नाडी व श्वास पूर्ण मिनिटभर मोजणे, मोजलेला आकडा लगेच लिहून ठेवणे या सवयी पहिल्या महिन्यातच अंगी बाणल्या तर पुढचा अभ्यास सुकर होतो. रात्रपाळीची तयारी मात्र घरच्यांनीही ठेवावी.

मराठी मुलीसाठी भाषेचा मुद्दाही आहे. खेड्यातून आलेली वृद्धा ‘पेट पिरावत हे’ म्हणाली, तर पोट दुखत असल्याचे प्रशिक्षणार्थीला तत्काळ उमगले पाहिजे. छत्तीसगढी कानावर असणे येथे पाठ्यपुस्तकाइतकेच उपयोगी पडते.

मराठी समाजाला हा व्यवसाय नवा नाही. १९०९ साली स्थापन झालेल्या पुणे सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यास पाठवले. त्या काळी घरंदाज स्त्रीने परक्या रुग्णाची शुश्रूषा करावी, हे अनेकांना रुचत नसे. आज तो विरोध बराच ओसरला आहे. रायपुरात डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय आणि २०१२ साली सुरू झालेले एम्स अशी मोठी रुग्णालये आहेत. नोंदणीकृत परिचारिका आणि साहाय्यक यांची पदे तेथे वेगळी असतात, आणि त्यांची पात्रताही वेगळी.