आज्ञा आणि विनंती

महाराष्ट्रातून दिल्लीस येऊन केंद्र सरकारच्या एखाद्या कचेरीत रुजू होणाऱ्या मराठी माणसास इंग्रजीत लिहिणे फारसे जड जात नाही. जड जाते ते मागणे. ‘हा मसुदा वाचा’ असे तो मनात आदराने म्हणतो आणि वरिष्ठांपुढे ‘रीड धिस ड्राफ्ट’ असे उच्चारतो. शब्दांत चूक नसते. तरीही समोरच्याच्या कपाळावर आठी उमटते. असे का व्हावे?

याचे कारण दोन्ही भाषांच्या क्रियापदांत आहे. मराठीत ‘वाच’ आणि ‘वाचा’ या रूपांतच लहानथोर ठरतात. त्याहून नम्र व्हावयाचे तर विध्यर्थ हाताशी असतो: ‘आपण हा मसुदा वाचावा.’ दिल्लीच्या हिंदीतही ‘पढ’, ‘पढो’, ‘पढिए’ अशा पायऱ्या आहेतच. इंग्रजी आज्ञार्थास मात्र एकच रूप. मुलास, मित्रास आणि सचिवास तेच ‘रीड’. त्याचा कर्ता ‘यू’ हा बहुधा अध्याहृत, आणि तोही सर्वांना सारखाच. ‘तू’ या अर्थाचा जुना ‘दाऊ’ शिष्ट बोलीतून केव्हाच मागे पडला. त्यामुळे ‘वाचा’ या रूपातला आदर भाषांतराच्या वाटेवरच गळून जातो.

‘प्लीज’ जोडल्याने ही उणीव पुरती भरून निघत नाही. वरिष्ठ अधिकारी फायलीवर ‘प्लीज स्पीक’ एवढेच लिहितात. ती विनंती नसून ‘येऊन बोला’ अशी आज्ञाच आहे, हे नव्या कारकुनासही लवकरच कळते.

इंग्रजीची खरी अदब वाक्याच्या रचनेत असते. तेथे आज्ञेचा प्रश्न होतो: ‘कुड यू रीड धिस ड्राफ्ट?’ यातील ‘कुड’ रूपाने भूतकाळाचे असले, तरी येथे ते काळ दाखवीत नाही. ते दोघांत थोडे अंतर राखते आणि नकारास वाट मोकळी ठेवते. आपले ‘जरा वाचता का?’ याच जातीचे.

‘वुड यू माइंड रीडिंग धिस ड्राफ्ट?’ या प्रश्नात तर अधिकच सावध राहावे लागते. त्याचा अर्थ ‘हा मसुदा वाचण्यास आपली हरकत आहे का?’ असा. उत्साहाने ‘येस’ म्हणणारा नकळत हरकतच घेतो. येथे संमती ‘नो’ या उत्तरात असते.

परक्या माणसाचे चुकलेले शब्दयोगी अव्यय ऐकणारा सहज क्षमा करतो. चुकलेली अदब मात्र तो व्याकरणाची चूक मानीत नाही. ती त्याला स्वभावाचा दोष वाटते. म्हणूनच परभाषा शिकताना तिच्या शब्दांबरोबर तिची मागण्याची रीतही शिकून घेणे अगत्याचे आहे.