भाकरी पचवणारा लांडगा

लेकरांनो, जरा सरकून बसा आणि मोत्याकडे बघा. सकाळची उरलेली बाजरीची भाकरी पुढ्यात टाकली आणि दोन घासांत संपलीसुद्धा. हीच भाकरी लांडग्यापुढे टाकली तर? भुकेपोटी तो खाईल, पण त्या पिठातलं फारसं काही त्याच्या अंगी लागायचं नाही. मोत्याच्या मात्र लागतं. चकलांब्याच्या गल्लीत वाढलेला हा कुत्रा मूळचा लांडग्याच्याच कुळातला. मग एकाच्या पोटाला भाकरी मानवते आणि दुसऱ्याच्या नाही, हे कसं? याचीच गोष्ट आज सांगतो.

प्रत्येक जिवाच्या पेशीत एक पोथी असते. तिच्यात अक्षरं चारच, पण तीच पुन्हा पुन्हा येऊन पानंच्या पानं भरतात. शास्त्रज्ञ तिला जीनोम म्हणतात. माणसाच्या पोथीत सुमारे ३०० कोटी अक्षरं, कुत्र्याच्या पोथीत सुमारे २४० कोटी. ही अक्षरं गुणसूत्रांमध्ये वाटलेली असतात. तुमच्या-माझ्या पेशीत ४६ गुणसूत्रं, मोत्याच्या पेशीत ७८. आणि लांडग्याच्या? त्याच्याही ७८च. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

कुत्र्याची पोथी नीट वाचून झाली ती २००५ साली. ताशा नावाची एक बॉक्सर जातीची कुत्री होती, तिची. अमेरिकेतल्या ब्रॉड इन्स्टिट्यूटच्या केर्स्टिन लिंडब्लाड-टोह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम 'नेचर' या नियतकालिकात मांडलं. त्याआधी दोन वर्षं शॅडो नावाच्या पूडल कुत्र्याची पोथी वाचली गेली होती, पण ती तुटक-तुटक. हे वाचन करतात कसं? थोडंसं रक्त किंवा गालाच्या आतून फिरवलेला कापसाचा बोळा पुरतो. त्यातला डीएनए, म्हणजे पोथीची अक्षरं ज्या धाग्यावर असतात तो, वेगळा काढायचा, त्याचे बारीक तुकडे करायचे, यंत्राने एकेक तुकडा वाचायचा. मग संगणक बसतो आणि एका तुकड्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीशी कुठे जुळतो ते बघत सगळी पोथी पुन्हा लावतो. आता ताशाच का निवडली? प्रत्येक पेशीत पोथीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. ताशाच्या दोन प्रतींत फरक फार थोडे होते, त्यामुळे तुकडे जुळवणं सोपं गेलं. फरक थोडे, कारण बॉक्सर ही जात माणसाने आपसातल्या आपसात जोड्या लावून घडवलेली. वाचणाऱ्यांची सोय झाली खरी, पण कुत्र्याच्या दृष्टीने ही काही चांगली गोष्ट नव्हे.

भाकरीचं कोडं सुटलं २०१३ साली, स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात. एरिक आक्सेलसन आणि त्यांच्या मंडळींनी १२ लांडगे आणि ६० कुत्रे यांच्या पोथ्या शेजारी-शेजारी ठेवून तपासल्या. पिठातला स्टार्च फोडून त्याची साखर करणारं अमायलेज नावाचं एक विकर असतं. आपल्या तोंडातल्या लाळेतही ते असतं, म्हणून भाकरी खूप वेळ चावली की गोडसर लागते. करून बघा उद्या. कुत्र्याच्या लाळेत ते कामाचं नसतं, तो चावतो तरी कुठे! त्याचं अमायलेज स्वादुपिंडातून आतड्यात येतं. ते कसं बनवायचं हे सांगणारा जो जनुक आहे, त्याच्या लांडग्यात सापडल्या फक्त दोन प्रती. आणि कुत्र्यांत? कुणात ४, कुणात १०, कुणात थेट ३०. तोच मजकूर पोथीत पुन्हा पुन्हा उतरलेला! जितक्या प्रती जास्त, तितकं अमायलेज जास्त.

हे झालं कसं, तर शेतीमुळे. माणूस धान्य पिकवू लागला तसे त्याच्या वस्तीभोवती उष्टं-खरकटं पडू लागलं. ज्या कुत्र्यांना ते पचलं ती जगली, त्यांची पिल्लं वाढली. रोमानियात सुमारे ७,००० वर्षांपूर्वीच्या कुत्र्यांच्या हाडांतून डीएनए काढला, तर त्यातही या जनुकाच्या प्रती वाढलेल्या निघाल्या. उलट जिथे शेती नव्हती तिथले कुत्रे बघा. बर्फातल्या शिकाऱ्यांबरोबर राहिलेला सायबेरियन हस्की आणि ऑस्ट्रेलियाच्या रानातला डिंगो, दोघांकडे या प्रती थोड्याच. म्हणजे तुमच्या-माझ्या पूर्वजांनी नांगर धरला, त्याची नोंद कुत्र्याच्या पेशीत उतरली. मला तर याहून मोठा चमत्कार कुठल्या पुराणात सापडला नाही.

आपल्या गोदेच्या खोऱ्यातही ही सोबत फार जुनी आहे. आपल्या गेवराई तालुक्याच्या उत्तरेकडून वाहणाऱ्या गोदावरीला वरच्या अंगाला, नेवाशाकडे, प्रवरा येऊन मिळते. त्या प्रवरेच्या काठावर दायमाबाद आहे. १९७४ साली तिथे जमिनीतून चार जड धातुमूर्ती निघाल्या : हत्ती, गेंडा, रेडा आणि दोन बैलांचा रथ. रथ हाकणारा माणूस उभा आहे आणि रथाच्या दांडीवर एक कुत्रा. पुष्कळ पुरातत्त्वज्ञ त्या मूर्ती उत्तर हडप्पा काळातल्या मानतात, म्हणजे साडेतीन-चार हजार वर्षांपूर्वीच्या. आपल्या देव्हाऱ्यातला खंडोबाचा टाक आठवा, त्याच्याही घोड्यापाशी कुत्रा असतोच.

पण पोथीतला बदल दर वेळी फायद्याचाच असतो असं नाही. तुमच्या पुण्याच्या काकांकडे लॅब्राडोर आहे, कितीही खाल्लं तरी ताटाकडे टक लावून बसतो. त्याला हावरा म्हणू नका. केंब्रिजच्या एलेनॉर रॅफन यांनी २०१६ साली दाखवलं की सुमारे चौथा हिस्सा लॅब्राडोरांमध्ये पीओएमसी नावाच्या जनुकातली १४ अक्षरं गळालेली असतात, त्यामुळे भूक भागल्याचा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. मोजक्याच जनावरांतून वंश वाढवला की अशी एखादी चूक सगळ्या जातीत पसरते. मोत्याची जात कुणी अशी घडवलेली नाही. गावोगावच्या कुत्र्यांचं रक्त हजारो वर्षं मिसळत आलं, म्हणून त्याच्या दोन प्रतींत वैविध्य भरपूर. २०१५ साली ॲडम बॉयको आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ देशांतल्या ५४९ गावठी कुत्र्यांचे नमुने तपासले, तेव्हा कुत्र्याचा इतिहास शोधायचा तर गावठी कुत्राच हाताशी धरावा लागतो हे स्पष्ट झालं. गावठी म्हणून त्याला हिणवणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावं.

आता त्या ७८ आकड्याकडे येऊ. गुणसूत्रं सारखी आणि पोथ्याही इतक्या जवळच्या, म्हणून लांडगा आणि कुत्रा यांचं मीलन होऊ शकतं, आणि होणारी पिल्लंही पुढे वंश वाढवू शकतात. पुण्याकडच्या माळरानांवर लोकांना काही वेगळ्याच रंगाचे, फिकट तांबूस लांडगे दिसू लागले. तिथल्या ग्रासलँड्स ट्रस्टची मंडळी आणि बेंगळुरूच्या एनसीबीएस व एट्री या संस्थांचे संशोधक एकत्र आले. नमुने मिळवले, त्यातला डीएनए वाचला, लांडग्याच्या आणि कुत्र्याच्या पोथ्यांशी ताडून पाहिला. २०२३ साली निष्कर्ष छापून आला : लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झालेला आहे. आपल्या माळरानांवरचा जनुकांनी सिद्ध झालेला हा पहिला पुरावा, आणि त्याची सुरुवात झाली ती डोळे उघडे ठेवून फिरणाऱ्या साध्या माणसांमुळे.

यात वाईट काय, असं विचाराल. आपला लांडगा जगात फार वेगळा आहे. २०२१ साली लॉरेन हेनेली आणि भारतीय वन्यजीव संस्थेचे बिलाल हबीब यांच्या गटाने दाखवलं की भारतीय लांडग्याची शाखा इतर लांडग्यांपासून फार पूर्वीच फुटलेली, अतिप्राचीन आहे. आणि असे लांडगे देशभरात मिळून तीनेक हजारच उरल्याचा अंदाज आहे. धनगरांच्या मेंढरांमागे माळावर फिरणारा हाच तो लांडगा. माळ नांगरले गेले, वस्त्या वाढल्या, मोकाट कुत्र्यांच्या झुंडी माळावर पोचल्या. लांडगे थोडे आणि कुत्रे भरमसाट झाले की जोडीदार शोधणाऱ्या लांडग्याला कुत्राच भेटतो. अशाने ती प्राचीन पोथी थोडी-थोडी पुसत जाते, आणि एकदा पुसली की कुठलंच यंत्र ती परत लिहून देणार नाही. वर कुत्र्यांचे रोगही लांडग्यांना लागतात, ते वेगळंच.

तेव्हा लेकरांनो, दोघांनाही जपायचं तर आपल्या हातातलं काम करू या. मोत्याला दरवर्षी पिसाळीची लस टोचून आणायची. नको असलेली पिल्लं पिशवीत घालून माळावर नेऊन सोडायची नाहीत, आणि कुणी सोडत असेल तर त्याला अडवायचं. कुत्र्याची नसबंदी करून घ्यायला लाजायचं नाही. आणि गायरानाकडे कधी वेगळ्या रंगाचा लांडगा दिसला, तर दगड न मारता जागा आणि वेळ लिहून ठेवा, जमलं तर लांबून फोटो काढा आणि वनखात्याच्या माणसाला कळवा.