मराठी शब्दकोड्याचे क्लू: लिहिणे आणि तपासणे

शब्दकोडे तयार करण्याचे सॉफ्टवेअर वापरून मराठी कोडे करायला बसले की पहिली अडचण क्लू लिहिण्याच्याही आधी येते. 'रायपूर' हा शब्द भरून पाहा. आपल्या दृष्टीने त्यात चार अक्षरे आहेत: रा, य, पू, र. चार घरे पुरायला हवीत. पण इंग्रजीसाठी बनवलेली बरीच सॉफ्टवेअर त्याला सहा घरे देतात आणि काना एका घरात, दीर्घ उकार दुसऱ्या घरात एकटाच लटकतो.

या पाठात आपण आधी ही घरांची गोष्ट उरकू आणि मग क्लूकडे वळू. वाचक म्हणून रायपूरमधले मराठी कुटुंब समोर ठेवले आहे. घरी मराठी, शाळेत हिंदी, बाजारात हिंदी आणि छत्तीसगढी अशा वातावरणात वाढलेला मुलगा किंवा मुलगी कोडे सोडवताना जिथे अडते, नेमकी तिथेच क्लू लिहिणाऱ्याची परीक्षा होते. समजा, गणेशोत्सवात अशा घरांना वाटण्यासाठी एक कोडे करायचे आहे.

एका घरात काय बसते?

संगणक मजकूर साठवतो तो युनिकोडच्या संकेतांत. 'रायपूर'मध्ये र, काना, य, प, दीर्घ उकार, र असे सहा संकेत आहेत. पायथनमध्ये या शब्दाची लांबी विचारली तर उत्तर सहा येते. 'छत्तीसगड'ला आपण पाच घरे देऊ (छ, त्ती, स, ग, ड), संगणक आठ मोजेल. 'स्त्री' हे एकच अक्षर आहे, पण त्यात सहा संकेत आहेत: स, हलंत, त, हलंत, र आणि दीर्घ ईकार.

म्हणजे घर मोजायचे ते संकेतावरून नव्हे, अक्षरावरून. युनिकोडमध्ये मजकुराचे असे गट पाडण्याचे नियम आहेत, पण जोडाक्षरांच्या बाबतीत ते बराच काळ अपुरे होते. हलंतानंतर गट तुटायचा आणि 'स्त्री'चे स्, त्, री असे तीन तुकडे व्हायचे. २०२३ सालच्या १५.१ या आवृत्तीत देवनागरीसह काही भारतीय लिप्यांची जोडाक्षरे अखंड ठेवणारा नियम आला. तुमचे सॉफ्टवेअर त्याआधीच्या नियमांवर चालत असेल तर चाचणीसाठी 'स्त्री', 'वाङ्मय' आणि 'राष्ट्र' हे तीन शब्द टाकून पाहा. घरे अनुक्रमे एक, तीन आणि दोन यायला हवीत.

फाइलचा प्रकारही पाहावा लागतो. 'पझ' हा जुना आणि फार पसरलेला प्रकार एका घराला एक बाइट धरतो, त्यामुळे त्यात देवनागरी अक्षर मावतच नाही. 'आयपझ' प्रकारात एका घरात कितीही चिन्हे ठेवता येतात, म्हणून मराठीसाठी तो सोयीचा. हे काहीच जमले नाही तर चौकट कागदावर आखून क्लू तेवढे संगणकावर लिहावेत. त्यात कमीपणा नाही.

आपल्याकडच्या चौकटींत काळी घरे जास्त का असतात, हेही इथेच कळते. इंग्रजीत कोणत्याही घरात २६ पैकी एक अक्षर येते. मराठीत व्यंजन, स्वरचिन्ह आणि जोडाक्षर मिळून शक्यता शेकड्यांनी वाढतात आणि आडवा-उभा शब्द नेमक्या त्याच अक्षरावर भेटावे लागतात. 'सप्रे' हा दोन घरांचा शब्द आडवा घातला तर 'प्रे'वरून उभा जाणारा शब्द प्रेम, प्रेरणा, प्रेषक अशा मोजक्यांतूनच निवडावा लागतो. म्हणून पहिले कोडे नऊ बाय नऊचेच करा. पंधरा बाय पंधराच्या मागे लागू नका.

शब्दांची यादी धुऊन घेणे

सॉफ्टवेअर चौकट भरते ते तुम्ही दिलेल्या यादीतून. ती यादी मळकी असेल तर कोडेही तसेच होते. मोल्सवर्थचा कोश (दुसरी आवृत्ती १८५७) संगणकावर उपलब्ध आहे, पण त्यात 'केळें'सारखी डोक्यावर अनुस्वार असलेली जुनी रूपे आहेत. आजचा वाचक 'केळे' लिहितो.

काही वेळा शब्द डोळ्यांना सारखाच दिसतो, पण आतून वेगळा असतो. 'ॲ' या अक्षराला स्वतंत्र संकेत २००८ साली, युनिकोड ५.१ मध्ये मिळाला. त्याआधीच्या मजकुरात ते 'अ' आणि वरचा चंद्र जोडून लिहिलेले सापडते. सॉफ्टवेअरच्या लेखी हे दोन वेगळे शब्द असतात, त्यामुळे एकच शब्द यादीत दोनदा राहतो. तेच 'ऱ्य'चे. आचार्यांना नमस्कार करतात आणि आचाऱ्यांना स्वयंपाक सांगतात, हा फरक एका चिन्हावर उभा आहे आणि ते चिन्ह टाइप करण्याच्या दोन रीती प्रचलित आहेत. यादीभर एकच रीत ठेवा.

आता रायपूरची खास अडचण. स्टेशनवरच्या पाटीवर हिंदीत 'रायपुर' आहे, पु ऱ्हस्व. मराठीत गावाच्या नावाला लागणारा 'पूर' दीर्घ लिहायचा: नागपूर, सोलापूर, रायपूर. हिंदीत कवि, व्यक्ति, गुरु. मराठीत कवी, व्यक्ती, गुरू, कारण १९६२ साली मान्य झालेल्या मराठी साहित्य महामंडळाच्या शुद्धलेखन नियमांनुसार शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहितात. पण समासात आधी आलेला तत्सम शब्द ऱ्हस्वच राहतो, म्हणून गुरू लिहितो पण गुरुवार.

याचा कोड्यावर काय परिणाम होतो पाहा. 'रायपूर'च्या तिसऱ्या घरातून उभा शब्द 'पूजा' जातो. मुलाने आडव्यात 'रायपुर' लिहिले की उभ्यात आपोआप 'पुजा' तयार होते आणि त्याला काहीच खटकत नाही. इंग्रजी कोड्यात चुकलेले अक्षर छेदणारा शब्द बिघडवते आणि चूक उघडी पडते. इथे चूक झाकली जाते. म्हणून ज्या घरात ऱ्हस्व-दीर्घाचा घोटाळा संभवतो, तिथून जाणारा निदान एक शब्द असा निवडावा की ज्याचे लेखन वाचकाला पक्के माहीत आहे, किंवा क्लूमध्ये 'मराठी लेखनाप्रमाणे' असे सरळ म्हणावे. मला दुसरा उपाय जास्त प्रामाणिक वाटतो.

एक क्लू, एक उत्तर

'कमळ (३)' असा क्लू आपण सहज लिहून टाकतो. उत्तर काय? पंकज, सरोज, नीरज, जलज, अंबुज, वारिज. सगळे तीन अक्षरी आणि सगळ्यांच्या शेवटी 'ज', म्हणजे तिसऱ्या घरातून जाणारा शब्द काहीच मदत करत नाही. सॉफ्टवेअरमध्ये शेवटी 'ज' असलेले तीन अक्षरी शब्द शोधले की ही रांग समोर येते. क्लू पक्का करण्याआधी असा शोध घेण्याची सवय लावा. सॉफ्टवेअरचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे, चौकट आखण्याचा नव्हे.

मग दुरुस्ती कशी करायची? शब्दाच्या पोटात शिरून. 'चिखलात जन्मलेले' म्हटले की पंकज आणि 'तळ्यात जन्मलेले' म्हटले की सरोज. पण नीर, जल, अंबू, वारी या सगळ्यांचा अर्थ पाणी, तेव्हा 'पाण्यात जन्मलेले' म्हणून चौघांची सुटका होत नाही. 'नीरज' हवाच असेल तर दुसऱ्या वाटेने जा: 'टोकियो ऑलिंपिकमध्ये भालाफेकीचे सुवर्ण मिळवणाऱ्या चोप्राचे नाव'. तेही जमत नसेल तर पहिले घर दुसऱ्या शब्दाने छेदले जाईल अशी चौकट बदला.

हा काटेकोरपणा केवळ हौसेचा नाही. बक्षिसाच्या कोड्यांवर आपल्याकडे कायदा आहे: बक्षीस स्पर्धा अधिनियम, १९५५. त्याच्या व्याख्येत शब्दकोड्याचे नाव घेऊन उल्लेख आहे आणि महिन्याला एकूण एक हजार रुपयांच्या वर बक्षिसे देण्यास मनाई आहे. १९५७ साली चमारबागवाला खटल्यांत हा विषय सर्वोच्च न्यायालयात आला. बंगळुरूहून निघणाऱ्या एका साप्ताहिकातली कोडी मुंबई राज्यात लोक पैसे भरून सोडवत असत. दोन शब्द अर्थाने चालण्यासारखे असत आणि यश आयोजकांकडच्या उत्तराशी जुळण्यावर ठरे. न्यायालयाने हे कौशल्य मानले नाही, जुगाराच्या बाजूला टाकले. आणि १९५५चा कायदाही नशिबावर चालणाऱ्या स्पर्धांपुरताच आहे, कौशल्याच्या स्पर्धांना लागू नाही, असे सांगितले. गणेशोत्सवातल्या कोड्याचे बक्षीस स्टीलचा डबा असेल, पण 'जलज' लिहिणाऱ्या आजोबांना तुम्ही 'नीरज' नाही म्हणून बाद केलेत, तर त्यांची तक्रार त्याच जातीची आहे.

दोन भाषांचा वाचक

'शाळेत मिळते ती (२)'. उत्तर 'शिक्षा'. मराठी आजी दंड समजून लिहील, नातू हिंदीतल्या अर्थाने शिक्षण समजून लिहील आणि दोघांचेही घर बरोबर भरेल! गमतीचा क्लू म्हणून एखादा असा चालतो. एरवी हे शब्द जपून वापरावेत. 'चेष्टा' म्हणजे आपल्याकडे थट्टा, हिंदीत प्रयत्न. 'संसार' म्हणजे आपल्याकडे घरादाराचा व्याप, हिंदीत जग. क्लू 'थट्टा' इतकाच दिला तर हिंदीत विचार करणाऱ्याला 'चेष्टा' सुचणारच नाही. 'केली की समोरचा चिडतो' असे वापरातून दिले तर सुचण्याची शक्यता वाढते.

मराठीत क्लू घट्ट करण्याचे एक साधन फुकट मिळते, ते म्हणजे लिंग. क्लूचे लिंग आणि वचन उत्तराशी जुळलेच पाहिजे. 'फुले विकणारा' आणि 'फुले विकणारी' यांची उत्तरे वेगळी आहेत. 'गावातून वाहते' म्हटले की नदी आणि 'गावातून वाहतो' म्हटले की ओढा, हे लहान मुलालाही कळते. संपादन करताना प्रत्येक क्लूनंतर मनात 'तो, ती की ते?' विचारा.

माहितीवर आधारलेल्या क्लूमधली माहिती तपासून घ्या. '१९०० साली पेंड्र्याहून निघालेल्या "छत्तीसगढ मित्र"चे संपादक माधवराव (२)' याचे उत्तर सप्रे. साल, गाव, मासिक या तिन्ही गोष्टी बरोबर आहेत आणि रायपूरच्या घरात हे नाव ओळखीचे आहे. 'थोर पत्रकार (२)' असे लिहिले असते तर अत्रेही बसले असते.

शेवटची तपासणी माणसाकडून करून घ्या. सॉफ्टवेअर अक्षरसंख्या, दोनदा आलेला शब्द आणि क्लूमध्येच लपलेले उत्तर पकडते. दुसरे योग्य उत्तर ते नेहमी पकडत नाही. एक साठीपुढचा आणि एक शाळकरी असे दोन वाचक बसवा, पेन्सिल द्या आणि गप्प बसा. त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न क्लूच्या शेजारी टिपून ठेवा.

सराव

पुढील क्लू दुरुस्त करा. प्रत्येकाला किती उत्तरे संभवतात ते आधी शब्दयादीत शोधा. १) सूर्य (२), उत्तर रवी. २) रात्र (३), उत्तर रजनी. ३) प्रवास (२), उत्तर यात्रा, इथे मराठी वाचकाला गावची जत्रा आठवेल, हे लक्षात ठेवा. ४) पाणी (२), उत्तर नीर.